देश दुभंगलेला असताना बेरोजगारी कमी करता येते का? बोस्नियातल्या कामावरून सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: ज्या देशात लोक वंश आणि धर्मावरून वेगळे झालेत, सरकारं एकापेक्षा जास्त आहेत आणि कुणाचा कुणावर विश्वास नाही, तिथे बेरोजगारी कमी करायला आर्थिक धोरणात नेमकं काय बदलायचं, आणि राजकीय भांडण मिटेपर्यंत थांबावंच लागतं का.

थांबावं लागत नाही, हे आधीच सांगून टाकते. पण कुठलं काम आधी घ्यायचं आणि कुठलं नंतर, हे चुकलं की दहा-दहा वर्षं हातातून जातात, आणि ती जातात विशी-पंचविशीतल्या पोरांची, कारण मोठे लोक कसंबसं भागवतात. मी रोजगार धोरणात बरीच वर्षं काम करतेय, त्यातला मोठा काळ बोस्निया-हर्झेगोविनात गेला, म्हणून मी तिथलंच बोलणार आहे. जगात दुभंगलेले देश पुष्कळ आहेत पण फाळणी आणि बेरोजगारी एकमेकींत किती गुंतलेल्या असतात हे बोस्नियाइतकं स्पष्ट मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

रचना आधी समजून घ्या, थोडं किचकट आहे. १९९२ ते १९९५ युद्ध झालं, डेटन करारानं ते थांबलं आणि देशाची राज्यघटना त्या कराराच्या परिशिष्टातच लिहिली गेली. बोस्नियाक (म्हणजे बहुतांश मुस्लिम) आणि क्रोएट लोकांचं मिळून एक फेडरेशन, सर्ब लोकांचं रिपब्लिका स्र्पस्का, जमिनीची वाटणी ५१ आणि ४९ टक्के, आणि ब्रच्को नावाचा एक छोटा जिल्हा नंतर लवादानं दोघांच्याही थेट ताब्याबाहेर ठेवला. फेडरेशनच्या पोटात परत १० कँटन म्हणजे छोटे प्रांत, प्रत्येकाचं स्वतःचं मंत्रिमंडळ. २०१३ च्या जनगणनेत लोक निघाले साधारण ३५ लाख आणि त्यांच्यावर सरकारं १४. सारायेवोतल्या केंद्र सरकारात कामगार मंत्रालयच नाही. कामगार कायदा दोन्हीकडे वेगळा, पेन्शन फंड दोन, एक मोस्तारला आणि एक बिएलिनाला, आणि फेडरेशनमधला आरोग्य विमा तर कँटनाकँटनात वेगळा. पुढच्या जवळपास सगळ्या अडचणी इथून निघतात म्हणून एवढं सांगितलं.

आता कामाचं. तिथे रोजगार कार्यालयाला सगळे 'बिरो' म्हणतात, माणूस बेकार आहे असं सांगायचं असेल तर 'तो बिरोवर आहे' म्हणतात. एका मध्यम आकाराच्या गावातल्या बिरोच्या खिडकीमागे मी एकदा आठवडाभर बसले होते, फक्त बघायला. रांग सकाळी ऑफिस उघडायच्या आधीपासून. एक पन्नाशीच्या बाई आल्या, सल्लागार मुलीनं विचारलं काम शोधताय का, बाईंनी काही न बोलता आरोग्य विम्याची पुस्तिका पुढे केली. शिक्का हवा होता. मुलीनं शिक्का मारला, पुढचा माणूस. नंतर मी बाईंशी बोलले तेव्हा कळलं की त्या एका बेकरीत रोज पहाटे चार वाजल्यापासून काम करतात, पगार रोख मिळतो, कागदावर काही नाही, आणि घरात नवऱ्याला मधुमेह आहे त्यामुळे विम्याशिवाय चालणारच नाही. बेकार म्हणून नोंद असली की सरकार विमा भरतं, इतकं साधं गणित. त्या आठवड्यात खिडकीवर आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक शिक्क्यासाठीच आलेले होते, हा माझ्या वहीतला हिशोब आहे, देशभराचा आकडा म्हणून घेऊ नका. पण देशभराचा आकडाही तेच सांगत होता: २०१४ च्या सुमाराला नोंदणीप्रमाणे बेरोजगारी ४४ टक्क्यांच्या आसपास आणि घरोघरच्या सर्वेक्षणाप्रमाणे २७-२८ टक्के. मधल्या फरकात त्या बाईंसारखी माणसं आहेत, रोज काम करणारी आणि तरी कागदावर बेकार.

या फरकाचा त्रास फक्त आकडेवाल्यांना होत नाही. सल्लागार मुलीच्या नावावर शेकडो माणसं, तिचा दिवस शिक्के मारण्यात जातो, आणि त्याच रांगेत उभा असलेला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करून आलेला मुलगा, ज्याला खरंच मदत हवीय, त्याच्या वाट्याला तीन मिनिटं येतात. त्या वर्षांत तरुणांमधली बेरोजगारी ६० टक्क्यांच्या घरात होती, म्हणजे तो मुलगा एकटा नव्हता. म्हणून माझं पहिलं उत्तर, आणि ते बऱ्याच जणांना फार किरकोळ वाटतं: आरोग्य विमा बेकारीच्या नोंदीपासून तोडा. जो विमा नसलेला नागरिक आहे त्याला नागरिक म्हणून विमा द्या, पैसे बजेटमधून भरा, आणि बिरोचं काम नोकरी शोधून देणं एवढंच ठेवा. २०१५ च्या सुधारणा कार्यक्रमापासून हा मुद्दा यादीत आहे. पुढे सरकायला इतका वेळ का लागतो, तर हा पैसा कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात जायचा हे १० कँटनांच्या १० विमा संस्था, १० रोजगार सेवा आणि त्यांच्या वरच्या दोन पातळ्या एका टेबलावर बसल्याशिवाय ठरत नाही, आणि शिक्का मारणारं ऑफिस हातात असणं ही स्थानिक पक्षासाठी छोटी का होईना पण सत्ता असते.

दुसरी गोष्ट, माणूस कामावर ठेवणं महाग किती पडतं. फेडरेशनचं उदाहरण घेते, २०२५ च्या सुधारणेआधीच्या दरांवर. समजा कागदावर पगार १००० मार्क (मार्क हे तिथलं चलन). मालक वरून १०.५ टक्के भरतो, म्हणजे त्याचा खर्च झाला ११०५. कामगाराच्या पगारातून ३१ टक्के कापले जातात, पेन्शन १७, आरोग्य १२.५, बेकारी विमा १.५, उरले ६९०. त्यातले ३०० करमुक्त, बाकीच्या ३९० वर १० टक्के आयकर, म्हणजे ३९. हातात ६५१, त्यातूनही एक-दोन छोट्या कपाती आहेत त्या सोडून देऊ. म्हणजे कामगाराच्या हातात १०० मार्क पडायला मालकाला जवळजवळ १७० खर्च करावे लागतात. चांगल्या कंपनीला हे झेपतं. पण बेकरी, शिवणकाम, लाकूडकाम, जिथे कमी शिकलेल्या माणसाला पहिलं काम मिळतं, तिथे मालक म्हणतो रोखीत घे नाहीतर राहू दे. कायद्यानं चालणारे मालकही मग वाटा शोधतात. मूळ पगार कमीत कमी दाखवायचा आणि बाकीचा 'तोप्ली ओब्रोक' म्हणजे जेवणाचा भत्ता म्हणून द्यायचा, कारण त्याच्यावर ठराविक मर्यादेपर्यंत कपात नाही. कामगाराला आज बरं वाटतं आणि तीस वर्षांनी पेन्शन हातात आली की कळतं आपली नोंद किती कमी पगाराची होती.

तर उपाय सरळ दिसतो ना, की पगारावरची कपात कमी करा आणि तूट व्हॅटमधून थोडी भरून काढा. कुठल्याही एकसंध देशात अर्थमंत्री हे एका बजेटमध्ये करू शकतो. बोस्नियात बघा काय होतं. व्हॅट केंद्राच्या पातळीवर, एकच दर १७ टक्के, तो बदलायचा तर केंद्राची संसद, तिथे दोन्ही बाजूंचं मत लागतं. पगारावरच्या कपाती एन्टिटीच्या पातळीवर, म्हणजे फेडरेशन एकीकडे आणि स्र्पस्का दुसरीकडे. आणि आरोग्याची कपात फेडरेशनमध्ये जाते कँटनाच्या विमा संस्थेकडे, जी आधीच हॉस्पिटलांच्या थकबाकीत बुडालेली असते. म्हणजे ज्याच्या हातात व्हॅट आहे त्याच्या हातात कपाती नाहीत, ज्याच्या हातात कपाती आहेत त्याचा खड्डा तिसऱ्याच ठिकाणी पडतो, आणि व्हॅटचा पैसा एका खात्यात जमा होऊन कुणाला किती टक्के वाटायचा यावरूनच दोन एन्टिटींत वर्षानुवर्षं भांडण. चलनाचं मूल्य कमी करून निर्यात स्वस्त करायची तर तेही नाही, कारण मार्क युरोला १.९५५८३ वर पक्का बांधलेला आहे. (तो बांधलेला आहे हे चांगलंच आहे, त्याबद्दल पुढे.) फेडरेशननं शेवटी २०२५ मध्ये एकूण कपात ४१.५ वरून ३६ टक्क्यांवर आणली, मालकाचा हिस्सा निम्म्याहून कमी करून. चांगलं पाऊल आहे, माझ्या मते दहा वर्षं उशिरा, आणि सगळ्यात कमी पगारांना वेगळी सूट दिली असती तर त्याच पैशात जास्त माणसं कागदावर आली असती.

मग मुळात दुभंगलेल्या देशात काही पार पडतं तरी का? पडतं, आणि कशामुळे पडतं ते शिकण्यासारखं आहे.

युद्धानंतर एका भागातली नंबर प्लेट लावून दुसऱ्या भागात गाडी नेणं म्हणजे जीव धोक्यात घालणं होतं, प्लेट बघूनच कळायचं तुम्ही कुठल्या बाजूचे. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधीनं, म्हणजे डेटन कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या परदेशी अधिकाऱ्यानं, नव्या प्लेटा लागू केल्या, त्यावर गाव-प्रांत काही नाही आणि अक्षरं फक्त तीच जी लॅटिन आणि सिरिलिक दोन्ही लिपींत सारखी दिसतात. लोकांनी एकमेकांना माफ केलं नव्हतं, पण गाड्या धावायला लागल्या. पलीकडच्या गावात कामाला जाणं, माल पोचवणं, बाजाराला जाणं शक्य झालं. रोजगाराच्या कुठल्याही अहवालात हे रोजगार धोरण म्हणून सापडणार नाही, मी मात्र त्याला त्या दशकातली सगळ्यात मोठी रोजगार सुधारणा मानते.

चलनाचंही तसंच. त्याच सुमाराला मार्क आला, मध्यवर्ती बँकेला पहिली सहा वर्षं स्वतःच्या मनानं नोटा छापायची मुभाच नव्हती, आणि पहिला गव्हर्नर देशाचा किंवा शेजारी देशाचा नागरिक नसावा असं घटनेतच लिहिलेलं. नोटांचं डिझाइन मात्र दोन बाजूंसाठी दोन प्रकारचं केलं. १० मार्कच्या एका नोटेवर कवी माक दिझदार, दुसऱ्या नोटेवर कवी अलेक्सा शांतिच, किंमत दोन्हींची १० मार्क, आणि दोन्ही देशभर चालतात. मी नव्यानं कामाला येणाऱ्या पोरांना या दोन नोटा शेजारी शेजारी ठेवून दाखवते. ज्या सुधारणेत प्रत्येक बाजूला स्वतःचं चित्र ठेवता येतं आणि किंमत मात्र एकच राहते ती टिकते. ज्या सुधारणेत एका बाजूला आधी हार मान्य करावी लागते ती कागदावरच राहते. २००६ ला व्हॅट आला तेव्हा कर गोळा करणाऱ्या यंत्रणेचं मुख्यालय सारायेवोला न ठेवता बान्या लुकाला ठेवलं, ते याच शहाणपणातून. त्याआधी दोन्हीकडे विक्रीकर वेगळा होता, माल एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेला की कर हवेत, आणि प्रामाणिक व्यापाऱ्याला तस्कराशी स्पर्धा करावी लागायची.

काही जण म्हणतात की आधी देश पूर्ण एक करा मग नोकऱ्या आपोआप येतील. त्यांनी जर्मनी बघावी. १ जुलै १९९० ला पूर्व जर्मनीचे पगार एकास एक दरानं पश्चिमेच्या मार्कमध्ये बदलले, लोकांच्या भावना समजण्यासारख्या होत्या, पण तिथल्या कारखान्यांचा माल त्या पगारात विकणंच शक्य नव्हतं. हे कारखाने विकायला ट्रॉयहांट नावाची संस्था होती, तिच्या ताब्यात सुरुवातीला ८५०० च्या आसपास उद्योग आणि त्यात ४० लाख कामगार. १९९४ च्या शेवटी संस्था बंद झाली तेव्हा त्यातल्या बहुतेक नोकऱ्या उरल्या नव्हत्या, आणि त्यानंतर दहा वर्षांनीही पूर्वेकडची बेरोजगारी २० टक्क्यांच्या आसपास होती. आणि मागे पश्चिम जर्मनीचा एवढा पैसा असताना ही गत. एकीकरण ही मोठी गोष्ट आहे, पण ते रोजगार धोरणाची जागा घेत नाही.

उलट एकत्र यायला नकार दिला की नोकऱ्या कशा जातात याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. १ जुलै २०१३ ला शेजारचा क्रोएशिया युरोपियन युनियनमध्ये गेला. बोस्नियाचं दूध, अंडी, कोंबडी तोपर्यंत तिथे जात होती, त्या दिवसापासून बंद, कारण युनियनला हवी होती अन्नसुरक्षेची देशभर एक साखळी आणि एक जबाबदार यंत्रणा, आणि कुणाचा इन्स्पेक्टर कुणाच्या हाताखाली यावरून दोन्ही बाजूंचं एकमत झालं नव्हतं. तारीख सगळ्यांना आधीपासून माहीत होती. शेतकऱ्यांकडे गाई त्याच, दूध तेच, आणि सीमा समोर दिसते. परवानगी मिळेपर्यंत वर्षं गेली, तोवर ज्यांनी गाई विकल्या त्यांनी विकल्या. प्लेटेवर जे जमलं ते दुधाच्या कॅनवर जमलं नाही याचा मला अजून राग येतो.

आता सगळ्यात अवघड भागाकडे येते. बोस्नियात नोकरीबद्दल कुणाशीही बोला, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात 'श्तेला' हा शब्द येतो. श्तेला म्हणजे वशिला. सरकारी नोकरी, वीज कंपनी, पाणीपुरवठा, जंगल खातं, शाळा, सगळीकडे श्तेला लागते आणि ती येते पक्षाकडून. सरकारी मालकीच्या कंपन्या साडेपाचशेच्या आसपास आहेत, त्यांत साधारण ८० हजार माणसं, पगार खाजगीपेक्षा बरेच वरचे. त्यामुळे हुशार मुलगा खाजगी कंपनीत शिकायला जाण्यापेक्षा दोन-तीन वर्षं सरकारी जागेची वाट बघत बसतो, आणि पक्ष त्याच्या अख्ख्या घराची मतं धरून ठेवतो. दुभंगलेला देश आणि बेरोजगारी यांची गाठ इथे सगळ्यात घट्ट आहे. प्रत्येक बाजूच्या पक्षाला 'आपल्या माणसांना' द्यायला नोकऱ्या हव्या असतात, नोकऱ्या दुर्मीळ असल्या की त्यांची किंमत वाढते, आणि त्या वाढवायची त्याला घाई नसते. हे मी कुणाला दुष्ट ठरवायला म्हणत नाहीये, त्या जागी बसलेला माणूस बदलला तरी हिशोब तोच राहतो हे मी तीन निवडणुकांत बघितलंय.

याचा शेवट काय होतो ते लोकांनी दोनदा तरी पाहिलं. मोस्तारचा अल्युमिनियमचा कारखाना, थकलेलं वीजबिल वाढत गेलं, निर्णय पुढे ढकलत राहिले आणि जुलै २०१९ मध्ये वीज तोडली, ९०० च्या आसपास कामगार एका रात्रीत घरी. त्याच्या आधी तुझ्ला. तिथले दिता, पोलिहेम, गुमिंग, कोन्युह हे कारखाने खाजगी हातात गेले, मग बुडाले, कामगारांना कित्येक महिने पगार नाही, कपाती भरलेल्या नाहीत, म्हणजे पेन्शनसाठीची नोकरीची वर्षंही धरली जात नाहीत. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते रस्त्यावर आले, तीन दिवसांत आंदोलन सारायेवो, झेनित्सापर्यंत पसरलं, सरकारी इमारती जळाल्या, काही कँटनांची सरकारं गेली. मला त्यातलं जळणं आठवत नाही इतकी त्यांची वाक्यं आठवतात, की आम्ही तिन्ही भाषांत उपाशी आहोत, म्हणजे बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब सगळेच. वंशाच्या नावानं मागणी नव्हती, पगाराच्या नावानं होती. दिताचे कामगार कारखान्यावर पहारा देत राहिले आणि २०१५ मध्ये त्यांनीच डिटर्जंटचं उत्पादन परत सुरू केलं.

यावर धोरण काय? सगळ्या सरकारी कंपन्या विकून टाका असं मी म्हणत नाही, तुझ्लाचं दुखणं विक्रीनंतरचंच होतं, खरेदी करणाऱ्याकडे ना पैसा होता ना धंदा करायचा इरादा, आणि विकणाऱ्यानं तपासलं नाही. मी म्हणते आधी उजेडात आणा. प्रत्येक सरकारी कंपनीची यादी, तिचे कामगार, तिचा पगारखर्च, तिची थकलेली कपात, दर तीन महिन्यांनी जाहीर. नवीन भरती लेखी परीक्षेनं, उत्तरपत्रिका नाव झाकून, तपासणारा दुसऱ्या बाजूच्या एन्टिटीतला. जी कंपनी कामगारांच्या कपाती भरत नाही तिला नवीन माणूस घेता येणार नाही. आणि जी वाचणारच नाही तिच्या कामगारांची थकलेली पेन्शनची वर्षं सरकारनं भरून त्यांना मोकळं करा, कारण तिथे माणसं पगार नसतानाही कामावर येत राहतात ती त्या वर्षांच्या आशेनंच. हा खर्च मोठा आहे पण तो कंपनी चालू ठेवायच्या खर्चापेक्षा कमी निघतो, मी काढलेल्या प्रत्येक हिशोबात निघालाय.

वाटणीच्या जागांबद्दल लोक विचारतात, म्हणजे कोटा असावा का. फेडरेशन आणि स्र्पस्काच्या सरकारी संस्थांत प्रतिनिधित्व १९९१ च्या जनगणनेच्या प्रमाणात ठेवायचं असं २००२ मध्ये ठरलं. हेतू चांगला होता, युद्धात हाकलून दिलेल्यांना परत आल्यावर दारं बंद असू नयेत. पण 'इतर' या रकान्यात पडणारे, रोमा, ज्यू, मिश्र लग्नातली मुलं, त्यांचं काय? मी एका मुलीला ओळखते, आई सर्ब, वडील बोस्नियाक, प्रत्येक अर्जाच्या वेळी तिला ठरवावं लागायचं की आज आपण कोण. उत्तर आयर्लंडनं दुसरा रस्ता घेतला तो मला जास्त पटतो: १९८९ च्या कायद्यानं मालकांना आपल्या कामगारांत कॅथलिक किती आणि प्रोटेस्टंट किती हे दरवर्षी मोजून कळवणं भाग पाडलं. आकडा समाजाच्या प्रमाणाच्या फारच बाहेर दिसला तर भरतीची पद्धत सुधारा, जाहिरात सगळीकडे द्या, पण जागा नावावर राखून ठेवायच्या नाहीत. पोलिसांसाठी मात्र २००१ पासून दहा वर्षं निम्मी-निम्मी भरती केली, कारण तिथे प्रश्न विश्वासाचा होता. मोजणी कायमची आणि कोटा मुदतीचा, असं मी सुचवेन.

कामगार कायद्यावर फार वेळ घालवत नाही. २०१५ मध्ये फेडरेशननं घाईघाईनं नवा कायदा आणला, कामगार संघटना चिडल्या, पुढच्या वर्षी तो प्रक्रियेच्या मुद्द्यावर कोर्टात पडला, मग परत मंजूर झाला. एवढी शक्ती तिथे खर्च करायची गरज नव्हती, कारण जुना कडक कायदा खाजगी बेकरी पाळत नव्हतीच आणि नव्या सैल कायद्यानं सरकारी कंपनीत फारसा फरक पडत नव्हता.

खाजगी नोकऱ्या वाढल्या त्या कुठे? तेशान्य बघा, छोटं गाव, मोठी खाण नाही, समुद्र नाही, पण गाड्यांचे फिल्टर आणि सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि आजूबाजूच्या गावांतून माणसं कामाला यायला लागली. अशा कंपन्यांच्या मालकांना भेटलं की ते अनुदान फारसं मागत नाहीत. ते म्हणतात कस्टममध्ये माल अडकवू नका, युरोपात चालणारं प्रमाणपत्र देशातच मिळू द्या, लेथ चालवता येणारी पोरं द्या, आणि पलीकडच्या एन्टिटीत धंदा करायला परत सगळी नोंदणी करायला लावू नका. यातली पोरं शिकवून तयार करायची गोष्ट तर नगरपालिका आणि कँटनसुद्धा सुरू करू शकतात, आणि ज्यांनी केली तिथे फरक दिसला. ब्रच्कोजवळ १९९६ मध्ये नाटो सैनिकांच्या चौकीपाशी अरिझोना नावाचा बाजार उभा राहिला, कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या तिन्ही बाजूंचे लोक तिथे गाई आणि कपडे विकत होते. त्याच बाजारात करचुकवेगिरी झाली, बायकांची खरेदी-विक्रीसुद्धा झाली, हे लपवून चालणार नाही. माणसं व्यवहाराला लगेच तयार होतात. त्या व्यवहाराला कायदा आणि इन्स्पेक्टर द्यायला सरकार उशिरा पोचलं आणि त्याची किंमत सगळ्यात दुबळ्या बायकांनी मोजली.

शेवटी आकड्याबद्दल सावध करते. सर्वेक्षणातली बेरोजगारी २०१४ च्या २७.५ टक्क्यांवरून २०२३ मध्ये १३ टक्क्यांच्या आसपास आली, मधे मोजायची पद्धतही बदलली. मंत्री हा आकडा अभिमानानं सांगतात. काही नोकऱ्या खरंच वाढल्या, ते नाकारत नाही. पण २०१६ पासून जर्मनीनं पश्चिम बाल्कनच्या लोकांना कामाचा व्हिसा सोपा केला आणि नर्सेस, वेल्डर, ट्रक ड्रायव्हर, तो रांगेतला इंजिनिअर, सगळे निघाले. बेकार माणूस देश सोडून गेला की बेरोजगारी कमी होते. घरी बसलेली बाई काम शोधायचं सोडून देते तेव्हाही कमी होते, आणि बोस्नियात कामाच्या बाजारात असलेल्या बायकांचं प्रमाण युरोपात तळाशी आहे. म्हणून बेरोजगारीचा दर एकटा बघू नका, कामावर असलेल्यांचं प्रमाण बघा, तेही वयाप्रमाणे आणि बायका-पुरुष वेगळे करून.

मला कुणी अशा देशात एक वर्ष दिलं तर पहिल्या तीन महिन्यांत मी विमा आणि बिरोची नोंद वेगळी करायचा करार करून घेईन, दोन्ही बाजूंना आपापल्या कार्डावर आपापलं चिन्ह ठेवू देईन, आजारी माणसाला ते कार्ड पलीकडच्या हॉस्पिटलात चाललं पाहिजे एवढीच अट. मग कमी पगारावरची कपात, आधी पंचवीस वर्षांखालच्यांसाठी आणि बाळंतपणानंतर कामावर परतणाऱ्या बायकांसाठी, कारण त्याचा खड्डा छोटा असतो आणि तो भरायला व्हॅटला हात लावावा लागत नाही. सरकारी कंपन्यांची यादी सहाव्या महिन्यात, कितीही विरोध झाला तरी. दोन्ही पेन्शन फंडांनी एकमेकांकडची वर्षं कॉम्प्युटरवर थेट बघता येतील अशी जोडणी वर्षाच्या शेवटी, म्हणजे बान्या लुकाच्या वेल्डरनं झेनित्सात नोकरी धरली तर त्याला कागदांची पिशवी घेऊन दोन गावांत हेलपाटे घालावे लागणार नाहीत. बेकरीतल्या त्या बाईंसाठी यातलं फक्त पहिलं झालं असतं तरी त्या मालकाला म्हणू शकल्या असत्या की मला आता कागदावर घ्या, माझा शिक्का जाईल याची मला भीती नाही.